मिस्त्रीणकाकींचे मिस्टर

समोर आलेली कुठलीही वस्तू आधी बोटाच्या पेरानं ठोकून बघायची आणि मगच तिच्याशी संबंध ठेवायचा की नाही ते ठरवायचं, अशी काकींची रीत होती. मी धाकट्या डहाणूत त्यांच्याकडे खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझी बॅग ठोकली, माझ्या स्कूटीची सीट ठोकली, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या हातातल्या पिशवीतलं कलिंगडही ठोकलं. "कच्चं हाय," म्हणाल्या. मी आपली हसले. घरी जाऊन कापलं तर आत पांढरंफटक.

"एकटीच राहनार?" त्यांनी विचारलं.

"सध्या तरी. आमचे मिस्टर नाशिकला असतात."

"मिस्टर म्हंजे नवरा ना?"

"हो."

"मंग नवरा म्हन की."

मी ओशाळले. नवरा म्हणायला रांगडं वाटतं, यजमान म्हणायला मी काही सत्तरीची नव्हे, आणि वयानं मोठ्या, अनोळखी बाईसमोर नुसतं नाव घ्यायला जीभ रेटत नाही. आमच्यासारख्या अधल्यामधल्या बायकांची या 'मिस्टर'नं केवढी सोय करून ठेवली आहे, ते आमचं आम्हाला ठाऊक. काकींना ते न सांगता कळलं असावं. "मी पन नाव नाय घेत," त्या म्हणाल्या. "मी मिस्त्री म्हनते." आणि त्यांनी अंगणातल्या खुर्चीकडे हनुवटी उडवली.

खुर्चीत मिस्त्री बसले होते. होड्यांचे मिस्त्री. धाकट्या डहाणूच्या खाडीत तेव्हा ज्या काही लाकडी होड्या उरल्या होत्या, त्यांतल्या बहुतेकांच्या फळ्या त्यांनी नाहीतर त्यांच्या वडिलांनी बसवलेल्या. मी गेले त्याच्या आधी तीनेक वर्षं त्यांच्या उजव्या अंगावरून लकवा गेला होता. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा, आणि तोंडातून शब्द निघायचा तो अर्धामुर्धा, ओला. बदामाच्या झाडाखाली त्यांची खुर्ची अशी लावलेली असे की समोर खाडीचा काठ दिसावा. काठावर दोन होड्या शेजारी शेजारी ओढून घेता येतील एवढी उतरती जागा होती. मच्छीमारांच्या सोसायटीनं ती दुरुस्तीसाठी मिस्त्रींच्या नावावर दिलेली. भरतीला होडी आत घ्यायची, ओहोटीला ती ओंडक्यांवर टेकवायची आणि कामाला लागायचं. अशी सोयीची जागा त्या काठाला दुसरी नव्हती.

काकी काळ्यासावळ्या, सडसडीत, कासोटा मारलेल्या. चष्म्याची एक काडी गेलेली, तिच्या जागी जाळ्याचा दोरा कानामागून बांधलेला. अंबाड्यात गजरा मी कधी पाहिला नाही, पेन्सिल मात्र रोज असायची. सुतारकामाची, चपटी, लाल. मी समजले की हिशोबठिशोब लिहीत असतील.

पहिले दोन आठवडे तर मला वाटत होतं की गावात आणखी एक मिस्त्री असणार. कारण सकाळी कुणीतरी होडीवाला यायचा, खुर्चीसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, नाळेकडनं पानी येतं." नाळ म्हणजे होडीची पुढची चोच. मिस्त्री खाडीकडे बघत बसायचे. बराच वेळ. मग मान हलवायचे. होडीवाला समाधानानं निघून जायचा. या सगळ्या वेळात काकी पलीकडे बांबूवर बोंबील टांगत असत आणि एकदाही वर बघत नसत. मग एका सुट्टीच्या दिवशी मला उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं की तासायचा वाकस आणि ठोकायची मोगरी घेऊन काकीच त्या होडीखाली शिरायच्या. सडलेली फळी काढायची, नवी तासून बसवायची, सांध्यांत कापसाची दोरी ठोकून भरायची, वरून डांबर. चौथ्या दिवशी होडी पाण्यात. आणि तोच होडीवाला चहाच्या टपरीवर सांगायचा, "मिस्त्रींनी करून दिली. थेंब नाय येत."

हे तो लबाडीनं बोलत नसे, हे मला नंतर कळलं. गावाची बोलायची सवयच तशी झाली होती. काकी म्हणजे मिस्त्रींची बायको, म्हणून मिस्त्रीण. मीही त्यांना मिस्त्रीणकाकीच म्हणू लागले.

"तुम्ही शिकलात कुठं हे सगळं?" मी एकदा विचारलं.

"शिकायला कुठं जायचं? नवी नवरी आले तवा करवतीचं एक टोक त्यांच्या हातात नि एक माझ्या. लोकांना एकच दिसलं."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. तक्रार त्यांना करताच येत नसे. शिव्या येत, त्याही लाकडाला. फळी फुटली तर तिलाच ऐकू जाईल अशा खालच्या आवाजात काहीतरी म्हणायच्या आणि तिला उन्हातून उचलून सावलीत ठेवायच्या.

एकदा मला कासाला प्रशिक्षणासाठी जायचं होतं आणि काकींची नणंद तिथल्या दवाखान्यात होती, म्हणून आम्ही दोघी एकाच जीपमध्ये. जीप खचाखच. चारोटीच्या अलीकडे कुठंतरी काकी एकदम म्हणाल्या, "थांबव रे." ड्रायव्हरला वाटलं बाईंना उलटी होते आहे, त्यानं घाबरून कडेला घेतली. काकी उतरल्या आणि सरळ एका बांधाकडे चालू लागल्या. तिथं एक बाभूळ तोडून टाकलेली. काकींनी तिच्या फांद्या ठोकल्या, हातानं मापल्या, पेन्सिलीनं तिच्यावर खूण केली, शेतावरच्या म्हातारबाबाशी बोलणी केली. वीस मिनिटं. जीपमधली माणसं मला बोलत होती, जणू मीच काकींना जन्म दिला. परत येऊन बसल्यावर एकानं विचारलंच, "काकी, त्या वाकड्या लाकडात सोनं आहे का?"

"सरळ लाकूड वखारीत भेटतं," काकी म्हणाल्या. "होडीच्या फासळीला वाकडं लागतं. ते झाडावरच तसं वाढाया लागतं. जबरीनं वाकवलेलं टिकत नाय." मग कासा येईपर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत होत्या, आणखी एखादी बाभूळ दिसते का म्हणून.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेतलीही त्यांची एक गोष्ट आहे. देवीला नारळ देऊन झाला, बायका बांगड्यांच्या दुकानाकडे वळल्या आणि काकी गोल फिरणाऱ्या पाळण्याच्या मधल्या खांबाकडे. ठोकला. पुन्हा ठोकला. कान लावला. "हा आतून गेलाय," त्यांनी पाळणेवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, बाजूला व्हा." काकी बाजूला झाल्या नाहीत. लाकडी घोड्यावर बसायला आलेल्या प्रत्येक पोराच्या आईला त्या सांगत राहिल्या, "याच्यात नको बसवू बाय." अर्ध्या तासानं पाळणेवाला हात जोडून आला. खांबाला लोखंडी पट्टी ठोकून घेतल्यावरच काकी हलल्या. तोवर मी लाजेनं चार दुकानं पलीकडे जाऊन उभी होते. ते आठवलं की मला माझाच राग येतो.

आता त्या शब्दाकडे येते.

मी डहाणूच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि मला चुका काढायची खोड आहे. घरातसुद्धा. आमचे मिस्टर म्हणतात की मी लग्नाच्या पत्रिकेतही लाल शाई वापरली असती. तर एका रविवारी दुपारी मी काकींच्या ओट्यावर नववीचे निबंध तपासत बसले होते. विषय: माझे वडील. एका मुलीनं लिहिलं होतं, 'माय फादर इज माय मदर्स मिस्टर.' मला हसू आवरेना. मिस्त्री खुर्चीत होते, काकी करवतीला धार लावत होत्या. त्यांनी विचारलं काय झालं, मी वाक्य वाचून दाखवलं, अर्थ सांगितला.

"मंग बराबर तर लिवलंय."

"बरोबर कुठं काकी? इंग्रजीत मिस्टर म्हणजे नवरा नव्हेच."

"मंग काय?"

झालं. मला कुणी 'मग काय' विचारावं आणि मी गप्प बसावं, हे शक्य नाही. आत जाऊन जाडा शब्दकोश घेऊन आले, शिवाय मोबाइल होताच. सांगितलं, की लॅटिन नावाची एक जुनी भाषा आहे. तिच्यात 'मॅगिस' म्हणजे जास्त. त्यावरून 'मॅगिस्टर', म्हणजे चार लोकांपेक्षा ज्याला जास्त येतं तो. इंग्रजांकडे येईपर्यंत त्याचा मास्टर झाला. हा मास्टर नावाच्या आधी लावून लावून, घाईघाईत उच्चारून झिजला आणि मिस्टर झाला. आधी तो नुसत्या बड्या माणसांना लावत, मग हळूहळू कुणालाही लावायला लागले. आता तर इंग्रजीत अनोळखी माणसाला नुसतं 'मिस्टर' म्हणून हाक मारली तर त्याला अपमान वाटायचा, इतका तो स्वस्त झाला.

"नि नवरा?"

"नवरा त्यात कुठंच नाही. तो आपण घातला. नाव घ्यायचं नाही म्हणून."

काकी धार लावता लावता थांबल्या. मला आणखी चेव आला. म्हटलं, गंमत पुढंच आहे. पोर्तुगीज लोकांनी त्याच मॅगिस्टरचं 'मेस्त्र' केलं. मेस्त्र म्हणजे कसबी माणूस, कारागिरांचा मुख्य. ते लोक जहाजांतून इथं आले, खाडीपलीकडे किल्ल्यात राहिले, जहाजं दुरुस्त करून घेतली आणि जाताना तो शब्द इथंच ठेवून गेले. मेस्त्र, मेस्त्री, मिस्त्री. मिस्त्री शब्द पोर्तुगीज, हे पुस्तकात आहे. मात्र तो नेमका याच किल्ल्यातून नेमका याच काठावर उतरला याला माझ्याकडे काही पुरावा नव्हता, शिकवण्याच्या भरात मी ते दामटून दिलं. धडा रंगावा म्हणून मास्तर अशी एखादी थाप मारतोच.

"म्हंजे तुझा मिस्टर नि माझा मिस्त्री एकच?"

"चुलत भाऊ. आणि मास्तर तिसरा."

काकी हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. त्या करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला पोरं मास्तरीण म्हनतात. कशानं? तुझा नवरा मास्तर हाय म्हनून?"

"छे, ते बँकेत आहेत. मी शिकवते म्हणून."

"नि मला मिस्त्रीण म्हनतात ते कशानं?"

दहा वर्षं व्याकरण शिकवलेली बाई मी, तरी शब्दकोशाची पानं चाळू लागले. "दोन्ही अर्थ होतात काकी," मी कसंबसं म्हटलं. "करणारी, किंवा करणाऱ्याची बायको."

"चालशे," त्या म्हणाल्या. 'चालेल'साठीचा हा शब्द त्यांनी उंबरगावच्या वखारवाल्यांकडून उचलला होता. कुठलाही वाद मिटवायचा असला की त्या गुजरातीत शिरत. वाद मिटला असं मला वाटलं. मिस्त्री मात्र खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. ते सगळं ऐकत होते, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवस काकींना त्या शब्दाचा नाद लागला. वखारीतल्या शेठनं 'आवो मावशी' म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मावशी नाय. मिस्टर म्हन." तो हसला, आणि तेव्हापासून खरंच 'आवो मिस्टर' म्हणू लागला. मिनिस्टर हा शब्द 'कमी' या अर्थाच्या शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ चाकर, हेही मी कधीतरी बोलून गेले होते. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला काकींनी ते शांतपणे ऐकवलं आणि वर चहा दिला. मला धडकी भरली होती, पण तो चहा पिऊन गेला.

मग सोसायटीची नोटीस आली.

खाडीत फायबरच्या होड्या वाढत चालल्या होत्या. त्यांच्या दुरुस्तीला उंबरगावचा एक माणूस यायचा, त्यानं काठावर जागा मागितली. सोसायटीचं म्हणणं असं, की जागा एकच, आणि ती नोंदलेल्या, स्वतः काम करणाऱ्या मिस्त्रीलाच देता येते. वहीत नाव आमच्या मिस्त्रींचं. ते स्वतः काम करतात असं महिनाभरात दाखवा, नाहीतर जागा फायबरवाल्याला जाईल. नोटीस चुकीची नव्हती, हेच तर वाईट होतं.

"जागा गेली तर?" मी विचारलं.

"तर काय? होडी काय अंगनात आनू?" काकी म्हणाल्या. "मंग मी नुसती मिस्त्रीण. बोंबील सुकवनारी."

मी म्हटलं, यात काय अवघड आहे, तुमच्या नावानं अर्ज करू. त्यांनी अर्ज करायला साफ नकार दिला. मला कारण कळेना. मी तावातावानं बोलले, बायकांनी असंच मागे राहायचं का वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला ओट्याच्या टोकाला, मिस्त्रींना ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी नेलं.

"हात गेला त्यांचा," त्या म्हणाल्या. "बोलनं गेलं. होडीवाला येऊन मिस्त्री म्हनतो तेवढंच राहिलंय. ते मी काढून घेऊ?"

नवऱ्याचं मोठेपण राखायला स्वतः लहान राहणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि मला त्यांचा संताप येतो. पण काकींचं तसं नव्हतं. त्यांना आपलं कामही हवं होतं आणि मिस्त्रींचं नावही. दोन्ही एकाच शब्दात अडकलेलं, आणि शब्द एकालाच मिळणार.

महिना संपायला आठ दिवस उरले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "लिव अर्ज," म्हणाल्या. "जागाच गेली तर मिस्त्री म्हनाया तरी कोन येनार?" एवढंच. मी लिहिला. आणि इथं माझ्यातली व्याकरणवाली नडली. 'व्यवसाय' या रकान्यात मी मोठ्या ऐटीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं: मिस्त्रीण. स्त्रीलिंगी रूप, बिनचूक. चार दिवसांत अर्ज परत आला. वर लाल शाईनं शेरा: 'अर्जदार कारागिराची पत्नी आहे. कारागिराने स्वतः अर्ज करावा.' जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई ओतली, तीच माझ्यावर उलटली. मी काकींची माफी मागितली. त्यांनी कागद ठोकून बघितला, सवयीनं, आणि घडी करून कमरेला खोचला.

शेवटी सोसायटीच्या सभेतच बोलायचं ठरलं. मिस्त्रींना दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. सभागृह म्हणजे पत्र्याची शेड, एका कोपऱ्यात जाळ्यांचे ढीग. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे, भले होडीवाले. त्यांची स्वतःची होडी काकींनी दोन महिन्यांपूर्वीच दुरुस्त केली होती. पुढच्या बाकांवर पंधरावीस होडीवाले. फायबरवालाही आला होता, बिचारा दाराशी उभा होता.

अध्यक्ष म्हणाले, "मंडळी, आपल्याला एवढंच ठरवायचं हाय. या जागेवर काम कोन करतं?"

बाकांवरचा एक जण म्हणाला, "मिस्त्री करतात."

"कोन मिस्त्री?"

तो खाली बघू लागला. दुसऱ्यानं खोकून घसा साफ केला आणि तसाच बसला. मला त्या सगळ्यांची इतकी चीड आली, की वाटलं उठावं आणि एकेकाच्या होडीचं नाव घेऊन विचारावं. पण मी त्या गावची नव्हते आणि आधीच एक घोळ करून बसले होते.

अध्यक्षांनी काकींकडे पाहिलं. "वयनी, तुम्हीच सांगा. मिस्त्री कोन?"

काकी उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताला डांबर लागलेलं होतं, त्या सरळ कामावरूनच आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात आपोआप खुर्चीकडे गेला.

"मिस्त्री हे," त्या म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. कारकुनानं वहीवर पेन टेकवलं. फायबरवाल्यानं दाराला टेकलेली पाठ सरळ केली.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. कळला नाही कुणालाच. अध्यक्ष पुढे वाकले, "काय म्हनता?" मिस्त्रींनी थुंकी गिळली, डाव्या हातानं गाल धरला आणि एकेक अक्षर ढकलत बाहेर काढलं.

"मी... मिस्टर."

लोक हसले. वाईट अर्थानं नाही, आपले सहज हसले. त्यांना वाटलं म्हातारा भरकटला. मिस्त्री हसू थांबेपर्यंत थांबले. मग डावा हात गालावरून काढला आणि काकींच्या दिशेनं केला.

"हिचा. मिस्त्री... ही."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझी होडी वयनींनीच केली," ते म्हणाले. मग मागून कुणीतरी म्हणालं, माझीपन. मग सगळेच बोलायला लागले, आधी न बोलल्याची भरपाई केल्यासारखे. कारकुनानं विचारलं, "काय लिहू, मिस्त्रीण?" मी जागेवरून उठून ओरडले, "मिस्त्री लिहा, नुसतं मिस्त्री." एवढं एकच वाक्य मी त्या सभेत बोलले. ते व्याकरणानं चूक होतं म्हणा हवं तर.

जागा काकींच्या नावावर झाली. फायबरवाल्याला त्यांनी स्वतःहून अर्धी बाजू वापरू दिली. "त्याला पन पोट हाय," म्हणाल्या.

पण घरी एक वेगळीच पंचाईत होऊन बसली, आणि ती मला पलीकडच्या खोलीतून रोज ऐकू यायची. म्हणजे ऐकू यायची नाही, तीच पंचाईत. काकी मिस्त्रींना हाक मारीनात. होडीवाले आता काठावरूनच ओरडायचे, "मिस्त्री आहेत का?" आणि काकी ओ द्यायच्या. मग तोच शब्द नवऱ्याला कसा वापरणार? 'अहो' त्यांच्या तोंडी कधी नव्हतंच. 'मिस्टर' मी सुचवलं, तर "ते शेठ मला म्हनतो," म्हणाल्या. जेवायला वाढलं की ताट खुर्चीजवळ ठेवून उभ्या राहायच्या. औषधाची वेळ झाली की गोळी आणि पाणी घेऊन समोर यायच्या. मिस्त्रीही काही मागत नव्हते. चाळीस वर्षं त्या घरात एक शब्द दिवसातून पन्नास वेळा घुमत होता, तो गेला आणि घर मुकं झालं. कधीकधी मला वाटायचं, मी तो शब्दकोश बाहेर काढला नसता तर बरं झालं असतं.

असं महिना-दीड महिना चाललं. मग मला तलासरीच्या शाळेत बदली मिळाली. सामान हलवायचं होतं त्या रविवारी सकाळी मी खाडीच्या काठावर निरोप घ्यायला गेले.

काकी एका मोठ्या होडीखाली होत्या. पाणी भरत होतं आणि होडी खाली सरकवायची होती. पुढचा दोर बदामाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन बांधलेला, आणि त्याचं मोकळं टोक खुर्चीत बसलेल्या मिस्त्रींच्या डाव्या हातात. एवढं काम ते करू शकत, आणि ते त्यांना काकींनी त्या दिवशी पहिल्यांदाच दिलं होतं. होडीवाले दोन्ही बाजूंना खांदे लावून तयार. काठावर बरीच माणसं.

काकी होडीखालून बाहेर आल्या. पाणी ओंडक्यांना लागलं होतं. त्यांनी खुर्चीकडे तोंड केलं, हात वर केला, आणि हाक अडकली. मला लांबून दिसत होतं. 'मि' एवढं ओठांवर आलं आणि थांबलं. बाजूचे लोक वाट बघत होते. पाणी थांबणारं नव्हतं.

मग काकींनी त्यांचं नाव घेतलं. अख्खं, खणखणीत, साऱ्या काठाला ऐकू जाईल असं. ते लहानपणी खाडीत डुंबत असताना त्यांच्या आईनं मारली असेल, तशी हाक.

मिस्त्रींनी मान वळवून मागे पाहिलं. कुणाला बोलावताहेत ते बघायला. त्या नावानं त्यांना हाक मारणारं जगात कुणी उरलंच नव्हतं. मागे कुणी नव्हतं. मी तिथंच उभ्या उभ्या रडायला लागले, खोटं कशाला सांगू.

काकींनी पुन्हा नाव घेतलं. या वेळी जरा हळू.

मिस्त्रींनी दोरासकट डावा हात स्वतःच्या छातीशी नेला. "मी?"

"तर काय," काकी म्हणाल्या. "सोडा दोर. पानी चढतंय."